बिल्डरकडून गरिबांच्या घरांचा वाटा कसा मिळतो? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नाशिकमध्ये म्हाडाची '२० टक्के' योजनेतली सोडत निघाली की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एकच प्रश्न फिरतो : आपल्याकडे कधी? कुणी लिहितं, बिल्डरांनी दाबून ठेवलंय. कुणी लिहितं, महापालिकेचे लोकच मिळालेले आहेत. खरं उत्तर त्यापेक्षा साधं आहे. ज्या नियमामुळे नाशिकच्या बिल्डरला आपल्या स्कीममधली काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी काढून द्यावी लागतात, तो नियम खान्देशातल्या एकाही शहराला लागू होत नाही.

लागू होत नाही म्हणून हात बांधलेले आहेत, असं मात्र नाही. कायद्यात दुसऱ्या वाटा आहेत, त्या वापरल्या जात नाहीत एवढंच. हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, कामधंद्यासाठी नाशिक किंवा पिंपरी-चिंचवडला गेलेला खान्देशी माणूस, ज्याला या योजनेतून आजच घर मिळू शकतं. दोन, गावातच राहून 'आपल्या शहरातही असा वाटा हवा' म्हणणारा नागरिक, कार्यकर्ता किंवा नगरसेवक.

आधी नियम काय आहे ते नीट समजून घ्या

नव्या वसाहतीत गरिबांसाठी जागा राखावी ही कल्पना आपल्याकडे दिल्लीहून आली. २००५ च्या जेएनएनयूआरएम योजनेत केंद्राने शहरांना पैसे देताना अट घातली होती की विकसित जमिनीचा २० ते २५ टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखा. २००७ च्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण धोरणात खासगी प्रकल्पांचाही उल्लेख आला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्याचा नियम केला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. हा नियम आता तिच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. म्हाडाच्या भाषेत ही '२० टक्के सर्वसमावेशक योजना'.

नियमाला दोन कुलपं आहेत. पहिलं लोकसंख्येचं : महापालिकेची लोकसंख्या १० लाख किंवा जास्त हवी. दुसरं जमिनीचं : भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा मोठा हवा, म्हणजे साधारण एक एकर. दोन्ही कुलपं उघडली की बिल्डरसमोर दोन प्रकार येतात. तो प्लॉट पाडून विकणार असेल तर निव्वळ क्षेत्राच्या (रस्तारुंदी, आरक्षण वगैरे वजा करून उरलेल्या जमिनीच्या) २० टक्के जागेत ३० ते ५० चौरस मीटरचे छोटे प्लॉट ठेवायचे. इमारती बांधणार असेल तर मूळ एफएसआयच्या (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) २० टक्के बांधकाम ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या सदनिकांमध्ये द्यायचं.

आता खान्देशाचा आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजारांच्या घरात होती, धुळ्याची पावणेचार लाख, नंदुरबारची लाखाच्या थोडी वर. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा या तर नगरपरिषदा, आणि नियमात नगरपरिषदांचा विषयच नाही. नव्या जनगणनेत जळगाव कितीही वाढलेलं निघालं तरी १० लाखांपर्यंत पोचणार नाही. म्हणजे 'जनगणना होऊ द्या, मग बघू' असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला वाटेला लावतोय. धुळे महापालिकेच्या खिडकीवर 'आपलाकडे तो नियम नई शे, भाऊ' असं उत्तर मिळालं तर ते खोटं नाही. अर्धवट आहे.

नाशिक-पुण्यात राहणाऱ्यांसाठी : हिशेब, सोडत आणि पळवाट

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत खान्देशी माणूस ढिगाने आहे. बहुतेक भाड्याच्या खोलीत. त्यांच्यासाठी ही योजना कागदावरची नाही, म्हणून तिचा हिशेब एकदा हाताने करून बघा.

समजा बिल्डरकडे १०,००० चौरस मीटरचा निव्वळ भूखंड आहे आणि मूळ एफएसआय १.१ आहे. मूळ बांधकाम झालं ११,००० चौरस मीटर. त्याचे २० टक्के म्हणजे २,२०० चौरस मीटर. एक घर ५० मीटरचं धरलं तरी ४४ घरं निघाली, ३० मीटरचं धरलं तर ७३. प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून, किंवा टीडीआर म्हणजे दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क आणून बिल्डर वर आणखी मजले चढवतो, त्यावर हे २० टक्के मोजत नाहीत. मोजणी मूळ एफएसआयवरच होते. सभेत 'एवढा मोठा टॉवर आणि घरं एवढीच?' असा आवाज चढवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही छोटी घरं बिल्डरच्या एफएसआयमध्ये धरली जात नाहीत. म्हणजे त्याच्या विक्रीच्या ११,००० मीटरमधून २,२०० कापले जात नाहीत, ते वरून बांधायला मिळतात. 'सरकारने आमची जमीन लुटली' ही तक्रार त्यामुळे पूर्ण खरी नाही. त्याला झळ बसते ती किमतीत. या घरांची किंमत रेडीरेकनरमधल्या (सरकारच्या वार्षिक दरपत्रकातल्या) बांधकाम दरावर २५ टक्के चढवून काढतात. समजा तो दर चौरस मीटरला २५,००० रुपये आहे आणि घर ४० मीटरचं आहे : दहा लाख, अधिक अडीच लाख, झाले साडेबारा लाख. यात जमिनीचा एक रुपयाही नाही. शहरात घर महाग होतं ते जमिनीमुळे, आणि इथे नेमकी जमीनच हिशेबातून बाहेर निघते. बिल्डरचा खरा वाटा तो हा.

प्रक्रिया अशी चालते. बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळाला की बिल्डरने म्हाडाला अशी किती घरं आहेत ते कळवायचं. म्हाडाने सहा महिन्यांत लाभार्थी ठरवून द्यायचे किंवा घरं स्वतः घ्यायची. लाभार्थी ठरतात सोडतीने. नाशिक, जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगर हे पाचही जिल्हे म्हाडाच्या नाशिक मंडळात येतात, त्यामुळे जळगावात बसूनही तुम्हाला नाशिक मंडळाच्याच जाहिरातीवर नजर ठेवायची आहे.

अर्जाआधी उत्पन्न गट पक्का करा. २०२२ मध्ये म्हाडाच्या मर्यादा बदलल्या. मोठी महानगर क्षेत्रं आणि १० लाखांवरच्या महापालिका यांत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. उरलेल्या महाराष्ट्रात हेच आकडे साडेचार आणि साडेसात लाख आहेत. उत्पन्न कुटुंबाचं मोजतात. नवरा कंपनीत आणि बायको शाळेत असेल तर दोघांची बेरीज करायची. एकाचाच पगार दाखवून सोडतीत नाव लागलं तरी पडताळणीत घर हातचं जातं.

आधार, पॅन, अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा हे जाहिरात येण्याआधीच तयार ठेवा, कारण आता कागद सोडतीच्या आधी चढवावे लागतात. अधिवासाचा दाखला गावच्या तहसीलमधून काढायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत घरी आलात की ते काम आधी उरका, फराळ नंतर.

आता पळवाट. नियम ४,००० मीटरला सुरू होतो, म्हणून ३,९०० मीटरचे प्रस्ताव येतात. एकच मोठा जमिनीचा गट दोन-तीन नावांवर तोडायचा, प्रत्येक तुकड्याची परवानगी वेगळी काढायची, मधल्या भिंतीवरून पुढे एकच वसाहत उभी करायची. दुसरी पळवाट आणखी सोपी : घरं बांधायची, पण म्हाडाला कळवायचंच नाही. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत यावरून २०२२ मध्ये विधान परिषदेत रण पेटलं आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत प्रकरण गेलं. नियम असूनही वाटा मिळत नाही तो असा. म्हणून तपासणी शिकणं गरजेचं आहे, आणि ती कुठल्याही शहरात एकाच पद्धतीने होते.

मंजूर नकाशा वाचायची पद्धत

कुठल्याही मंजूर लेआउटच्या नकाशाच्या एका कडेला उभा तक्ता असतो. त्याला एरिया स्टेटमेंट म्हणतात. लोक नकाशात आपला प्लॉट शोधतात आणि तक्त्याकडे बघतच नाहीत. खरी कहाणी तक्त्यात असते. सातबाऱ्याप्रमाणे क्षेत्र, मोजणीप्रमाणे क्षेत्र, रस्तारुंदीत गेलेलं, आरक्षणात गेलेलं, सुविधा भूखंड, निव्वळ क्षेत्र, खुली जागा, मूळ एफएसआय, प्रीमियम, टीडीआर असं एकाखाली एक लिहिलेलं असतं. १० लाखांवरच्या शहरात सर्वसमावेशक घरांची ओळ शोधा. ओळ रिकामी आणि क्षेत्र ४,००० च्या वर, म्हणजे विचारायला जागा आहे.

क्षेत्र ४,००० च्या जरा खाली असेल तर महसुलाकडे वळा. त्या गटाचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. परवानगीच्या अर्जाआधी काही महिन्यांतच गट फुटला असेल आणि शेजारच्या तुकड्यांचे मालक एकाच घरातले असतील, तर तक्रारीत हाच कागद पहिला जोडायचा. मनाने ठरवलेल्या आरोपापेक्षा तारखांचा तक्ता अधिकाऱ्याला जास्त बोचतो.

महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावरही प्रकल्प बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला तिथे नोंदणी लागते. मंजूर नकाशे, सदनिकांची संख्या, त्यांची क्षेत्रं तिथे फुकट बघायला मिळतात. जळगाव-धुळ्याचे प्रकल्पही तिथे आहेत.

नकाशा मिळत नसेल तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज 'संपूर्ण माहिती द्यावी' असा लिहू नका, त्याला 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर ठरलेलं असतं. असं लिहा :

'मौजे ____ येथील गट क्रमांक ____ मधील मंजूर अभिन्यासाची, क्षेत्र विवरणपत्रासह, साक्षांकित प्रत मिळावी. सदर अभिन्यासात आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवलेले भूखंड अथवा सदनिका यांची संख्या, क्षेत्र व त्यांबाबत म्हाडाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात. असे भूखंड अथवा सदनिका ठेवल्या नसल्यास, तसा निर्णय ज्या टिपणीवर झाला त्या टिपणीची प्रत मिळावी.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. 'का ठेवल्या नाहीत' असं विचारलं तर माहिती अधिकारी 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' म्हणून अर्ज परत करतो. टिपणीची, म्हणजे फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्याची, प्रत मागितली की कागद द्यावाच लागतो. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिली अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

खान्देशात कुठल्या वाटा खुल्या आहेत

आधी दोन गैरसमज दूर करू. ४,००० मीटरच्या वरच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती बाग, मैदान यासाठी असते आणि त्या वसाहतीची असते. २०,००० मीटरच्या वर ५ टक्के सुविधा भूखंड सोडावा लागतो. तोही दवाखाना, शाळा, बाजार अशा कामांसाठी. या दोन्हीतून घरं मिळत नाहीत. परवानगीवेळी महापालिका जे विकास शुल्क घेते त्याचाही घरांशी थेट संबंध नाही. तो पैसा त्या भागातल्या सार्वजनिक सोयींसाठी असतो. 'बिल्डर एवढे पैसे भरतो, मग घरं का नाहीत' या वादात शिरू नका, तिथे तुम्ही हराल.

चाळीस हेक्टर किंवा त्याहून मोठी एकात्मिक नगरवसाहत कुणी आणली तर तिच्यात सामाजिक गृहनिर्माणाचा १५ टक्के वाटा ठेवावा लागतो, आणि तिथे १० लाख लोकसंख्येची अट आडवी येत नाही. पण शंभर एकरांचा प्रकल्प आपल्याकडे रोज येत नाही, म्हणून यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

प्रधानमंत्री आवास योजना ही सक्ती नाही, ते आमिष आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब दुर्बल गटात, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट. हे आकडे म्हाडाच्या आकड्यांपेक्षा वेगळे आहेत, दोन्हींची खिचडी करू नका. खासगी जमीनमालक भागीदारीतल्या प्रकल्पात उतरला तर शेती विभागातल्या जमिनीवरही बांधकामाची मुभा मिळू शकते. बिल्डरला ते गोड लागतं, पण अशी जमीन शहरापासून लांब, नाल्यापलीकडे असते. धुणंभांडी करणाऱ्या बाईला रोज रिक्षाचे साठ-सत्तर रुपये मोजावे लागणार असतील तर ते घर स्वस्त कसलं? अशा प्रकल्पाला ना-हरकत देण्याआधी बसथांबा, पाणी आणि शाळा किती अंतरावर आहे ते नगरसेवकाने जाहीर सभेत विचारावं.

उरतात दोन वाटा, आणि माझ्या मते खान्देशासाठी याच कामाच्या आहेत.

पहिली खरी वाट : विकास आराखड्यातलं आरक्षण

धुळे शहर कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखलं. सरळ रेषेतल्या गल्ल्या त्या आखणीतून आल्या आणि आजही माणूस पत्ता 'गल्ली नंबर अमुक' असाच सांगतो. एकदा कागदावर ओढलेली रेष दोनशे वर्षं पुरते ती अशी. आजच्या काळात ती रेष विकास आराखड्यात ओढली जाते. कुठला गट रहिवासी, कुठे बाग, कुठे बाजार आणि कुठे 'दुर्बल घटकांसाठी घरं', हे सगळं तिथे ठरतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. आपल्याकडे या तीस दिवसांत येणाऱ्या जवळपास सगळ्या हरकती 'माझ्या जमिनीवरचं आरक्षण काढा' अशा असतात. 'इथे घरांसाठी आरक्षण टाका' अशी एखादी आली तर ती उठून दिसते. ती लिहिताना चार गोष्टी द्या : गट क्रमांक, क्षेत्र, सध्याचा प्रस्तावित वापर, आणि तिथेच घरं का. शेवटच्या मुद्द्यात आकडा हवा. उदाहरणार्थ, त्या जागेपासून एमआयडीसी किंवा बाजार समिती किती अंतरावर, जवळच्या झोपडपट्टीत किती कुटुंबं. 'गोरगरिबांना न्याय द्यावा' एवढं लिहिलेली सूचना समिती वाचते आणि बाजूला ठेवते.

जमिनीवर आरक्षण पडलं म्हणजे महापालिकेने ती पैसे देऊनच घ्यायची असं नाही. मालकाला टीडीआर देता येतो. किंवा मालकच काही भागावर आरक्षणातलं काम बांधून ते फुकट महापालिकेला देतो आणि उरलेल्या जमिनीवर पूर्ण एफएसआय वापरतो. कार्यालयात याला अकोमोडेशन रिझर्वेशन म्हणतात. तिजोरीत खडखडाट असलेल्या महापालिकेला बिल्डरकडून वाटा मिळवायचा हा सरळ मार्ग आहे.

पण आरक्षणाला घड्याळ लागलेलं असतं. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. पुढच्या २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण गळून पडतं, आणि मग त्या जागेवर मालक आजूबाजूला चालतं ते बांधतो. तुमच्या शहरात घरांची किती आरक्षणं आहेत, किती नोटिसा आल्या, प्रत्येकीची तारीख काय, ही यादी माहितीच्या अधिकारात मागा. २४ महिने भरायला ज्यांचे सहा-आठ महिने उरलेत त्यांच्यावर आधी लक्ष द्या. सुटलेलं आरक्षण परत बसवणं फार अवघड असतं.

दुसरी खरी वाट : नगररचना योजना

नंदुरबारहून रेल्वेत बसलात की काही तासांत सुरत. उधना, लिंबायतमध्ये अर्धा खान्देश राहतो. सुरतचा माणूस पत्ता सांगताना 'टीपी' नंबर सांगतो. टीपी म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम. एका पट्ट्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-सोयी काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. क्षेत्र कमी होतं, भाव वाढतो. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात या वाटणीतली १० टक्क्यांपर्यंत जमीन सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांच्या घरांसाठी ठेवता येते.

हे गुजरातचंच कौतुक नाही. आपल्या १९६६ च्या कायद्यातही कलम ६४ मध्ये तशीच तरतूद आहे : योजनेच्या एकूण क्षेत्राच्या १० टक्के किंवा त्याच्या जवळपास जमीन दुर्बल, अल्प उत्पन्न आणि विस्थापित कुटुंबांच्या घरांसाठी. इथे १० लाख लोकसंख्येची अट नाही. जळगाव महापालिका करू शकते, भुसावळ नगरपरिषदही करू शकते. ५० हेक्टरची योजना घेतली तर ५ हेक्टर जमीन, म्हणजे ५०,००० चौरस मीटर, आणि तीही शहराला लागून.

मला ही वाट आपल्याकडे चपखल वाटते त्याचं कारण आपली वाढ कशी होते त्यात आहे. जळगावचं पिंप्राळा बघा, मेहरूण बघा, धुळ्याचं वलवाडी बघा. टॉवर थोडे, एन.ए. (बिनशेती) प्लॉट आणि रो-हाऊस जास्त. एकेक शेतकरी आपापला गट पाडतो, म्हणून एका लेआउटचा रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाला जाऊन थांबतो. आणि ज्याला एन.ए. प्लॉट झेपत नाही तो आणखी पुढे जाऊन स्टॅम्प पेपरवर गुंठा घेतो. मग वर्षानुवर्षं पाण्याच्या टँकरची वाट बघतो आणि गुंठेवारी, म्हणजे असे परवानगीशिवाय पाडलेले तुकडे, नियमित होण्याची. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ मध्ये त्यात डिसेंबर २०२० पर्यंत वाढवलेली मुदत, दोन्ही त्या माणसासाठी. नाशिकचे २० टक्के जसेच्या तसे उचलून जळगावच्या अपार्टमेंटवर लादले तर हाती फार घरं लागतील असं मला वाटत नाही. जिथे जमीन मुळात मुंबई-पुण्याच्या मानाने स्वस्त आहे तिथे गरिबाला छोटा, अधिकृत, नळ-गटार असलेला प्लॉट हवा. ३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. त्यावर खाली एक खोली-ओटा आणि चार वर्षांनी वरती एक खोली, असं आपल्याकडचं कुटुंब आपसूक बांधत जातं.

प्रत्यक्षात काय करायचं? महापालिकेत सभागृह असेल तर नगरसेवकाकडून, प्रशासक असेल तर थेट आयुक्तांना निवेदन देऊन, कलम ६० खाली योजना करण्याचा इरादा जाहीर करण्याची मागणी करा. निवेदनात पट्टा नेमका सांगा : कुठल्या रस्त्यापासून कुठल्या नाल्यापर्यंत, त्यात कुठले गट. ज्या पट्ट्यात अजून लेआउट मंजूर झालेले नाहीत तोच निवडा, कारण पडलेल्या प्लॉटांवर योजना बसवणं म्हणजे शिवलेला सदरा पुन्हा बेतण्यासारखं आहे.

आणि शेतकऱ्यांशी आधी बोला. योजना फसते ती इथे. 'माझी चार बिघे जमीन, मला अडीच देणार, हा कुठला न्याय?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर आकड्यात द्यावं लागतं : आज तुमच्या गटाला रस्ता नाही, स्वतः लेआउट पाडलात तरी रस्ते आणि खुली जागा मिळून मोठा हिस्सा जाणारच आहे, शिवाय रस्ता-गटाराचा खर्च तुमच्या खिशातून. योजनेत मिळणारा भूखंड रस्त्याला लागून आणि बांधकामायोग्य असतो. वाटणीवर वाद झाला तर लवाद नेमला जातो आणि प्रत्येक मालकाला म्हणणं मांडता येतं. जवळच्या एखाद्या मंजूर लेआउटचं एरिया स्टेटमेंट बैठकीत घेऊन जा आणि त्यात विकायला प्रत्यक्ष किती जमीन उरली ते वाचून दाखवा.

जमीन मिळाल्यावर

जळगावकरांना घरकुल हा शब्द उच्चारला की दुसरंच आठवतं. तत्कालीन नगरपालिकेच्या हजारो घरांच्या योजनेचं ते प्रकरण, ज्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी धरलं. तिथे घरं पालिकाच बांधून घेत होती, बिल्डरच्या वाट्याचा प्रश्न नव्हता. तरी जमीन किंवा घरं हातात आल्यावर काय पाहायचं ते त्यातून कळतं. वाटपाची यादी प्रभागानुसार जाहीर होते का? सोडत लोकांसमोर होते का? दोन छोटी घरं किंवा प्लॉट एकत्र करून कुणी मोठं करत नाही ना? सर्वसमावेशक योजनेत असं एकत्रीकरण करायला बंदी आहे. तुमच्या शहरात योजना आली तर वाटपाच्या अटींत हेच वाक्य घालून घ्या.

राहिला राज्याकडे करायचा अर्ज. १० लाखांची अट राज्याने घातली आहे, ती बदलायची तर १९६६ च्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्यानेच बदलायची. महासभेने ठराव करून 'लेआउटपुरती ही अट महापालिका व नगरपरिषद क्षेत्रांना शिथिल करावी' अशी शिफारस नगरविकास विभागाला पाठवता येते. 'लेआउटपुरती' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. इमारतींसह सगळंच मागाल तर बांधकाम व्यावसायिक एकजुटीने उभे राहतील. नियमावलीत फेरबदल वरचेवर होतात, म्हणून ठराव लिहिण्याआधी त्या दिवशी लागू असलेली प्रत नगररचना विभागातून घ्या. जुन्या प्रतीचा कलम क्रमांक घातलेला ठराव मंत्रालयातून त्रुटी काढून परत येतो आणि वर्ष जातं.

प्रत्येक निवेदनाची दुसरी प्रत सोबत न्या, आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख तिच्यावर घ्या. तीन महिन्यांनी त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन 'सदर निवेदनावरील टिपणीची प्रत' माहितीच्या अधिकारात मागा. फाइल कुठल्या टेबलावर थांबली ते त्या प्रतीवरच्या शेवटच्या सहीवरून कळेल, पुढची भेट त्याच टेबलावर घ्या.